मैफल करणाऱ्याला शिकवता यायलाच हवं, आणि ते डिग्रीतच शिकवायला हवं

संगीतात उच्चशिक्षण घेणाऱ्या कुठल्याही मुलाला किंवा मुलीला विचारा पुढे काय करणार, पहिलं उत्तर स्टेजचंच येतं. सोलो करणार, ऑर्केस्ट्रात जाणार, मैफली करणार. आणि ते तसंच यायला हवं, अठराव्या वर्षी स्टेजची ओढ नसेल तर दिवसाचे पाच-सहा तास रियाझ करायचा तरी कशासाठी. पण तीच बॅच डिग्रीनंतर दहा वर्षांनी बघा, जवळजवळ प्रत्येकजण शिकवत असतो. कोणी शाळेत, कोणी घरी क्लास घेतो, कोणी ऑनलाइन, कोणी जिथे शिकला त्याच विभागात लेक्चरर झालेला. ज्यांचं खूप नाव झालं तेही शिकवतात, वर्कशॉप घेतात, शिष्य तयार करतात. नुसत्या कार्यक्रमांवर आयुष्यभर घर चालवणारे कलाकार कुठल्याही देशात, कुठल्याही संगीतपरंपरेत फार थोडे. हे सगळ्यांना माहीत असतं, डिपार्टमेंटच्या हेडलाही आणि फर्स्ट इयरच्या मुलांच्या आईवडिलांनाही. तरीही परफॉर्मन्सच्या, म्हणजे गायन-वादनाच्या, बऱ्याचशा कोर्सेसमध्ये शिकवायचं कसं हा विषय एकतर नसतोच, किंवा असला तर ऑप्शनल असतो, आणि ऑप्शनल असला की चांगलं वाजवणारी मुलं तो घेत नाहीत कारण तेवढे तास रियाझातून जातात.

माझं म्हणणं असं की परफॉर्मन्सच्या डिग्रीत शिकवणं हा सक्तीचा, प्रत्यक्ष करून शिकायचा आणि मार्कांचा विषय हवा. आणि म्युझिक एज्युकेशनच्या, म्हणजे संगीतशिक्षक घडवणाऱ्या शाखेला जी दुय्यम वागणूक मिळते ती थांबायला हवी. हे दोन मुद्दे एकमेकांत इतके गुंतलेत की वेगळे करून बोलताच येत नाहीत.

दहा हजार तास रियाझ केला की माणूस तरबेज होतो, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. ती ज्या अभ्यासावरून पसरली तो मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला होता, बर्लिनच्या संगीत अकादमीत व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांवर. त्यांनी तीन गट केले. सगळ्यात उत्तम वाजवणारे, चांगले वाजवणारे, आणि तिसरा गट घेतला तो त्याच संस्थेच्या संगीतशिक्षण विभागातून, जिथे प्रवेशाची अट थोडी सैल होती. ही मुलं पुढे बहुधा शिकवणार म्हणून या गटाचं नावच ठेवलं म्युझिक टीचर्स. अठराव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेला रियाझ मोजला तर पहिल्या गटाचा सरासरी ७,४१० तास, दुसऱ्याचा ५,३०१ आणि तिसऱ्याचा ३,४२० निघाला. जगभर चर्चा झाली ती तासांची, मला मात्र त्या गटाचं नाव खटकतं. संशोधकांचा यात दोष नाही, संस्थेत जे होतं तेच त्यांनी घेतलं. पण ज्याचा रियाझ सगळ्यात कमी तो शिक्षक होणार हे तिथे किती सहज धरून चाललेत बघा, आणि पुढच्या पिढीचा पहिला हात, पहिला स्वर, पहिली बैठक त्याच्याच ताब्यात जाणार आहे. बरं, वरच्या गटातले काय शिकवणार नाहीत का, तेही शिकवणारच, फक्त त्यांना कसं शिकवायचं हे कोणी सांगितलेलं नसेल. एकाला शिकवण्याचं ट्रेनिंग मिळालं पण वाद्यावर हवा तेवढा वेळ नाही मिळाला, दुसऱ्याला वाद्य मिळालं पण ट्रेनिंग नाही, आणि शिकायला येणाऱ्या मुलाच्या वाट्याला कुठूनही अर्धाच शिक्षक आला.

ही फारकत काही पहिल्यापासून नव्हती. १७५२ साली क्वांट्झ यांनी बासरी कशी शिकायची यावर मोठा ग्रंथ लिहिला, पुढच्याच वर्षी सी. पी. ई. बाख यांनी कीबोर्डवर, आणि १७५६ मध्ये लिओपोल्ड मोझार्ट यांनी व्हायोलिनवर. तिघेही आपापल्या दरबारात वाजवणारे नोकरीतले कलाकार, त्यातले पहिले दोघे तर एकाच राजाच्या पदरी. शिकवण्यावर एवढं बारकाईनं लिहिणं हे त्यांना कमीपणाचं वाटलं नाही. पॅरिसचं कॉन्झर्व्हेटॉयर, म्हणजे तिथली संगीतसंस्था, १७९५ मध्ये उभं राहिलं आणि थोड्याच वर्षांत तिथल्या वादकांनी आपापल्या वाद्याच्या शिक्षणपद्धतीची पुस्तकं छापायला घेतली. हंगेरीचे संगीतकार बार्टोक १९०७ पासून बुडापेस्टच्या अकादमीत पियानो शिकवत होते, आणि पुढे अगदी पहिल्या धड्यापासून चढत जाणाऱ्या १५३ पियानो-रचना त्यांनी केल्या, तेही मोठमोठ्या कामांच्या मधे. आपल्याकडे विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा त्यात उपदेशक वर्ग होता, खास शिक्षक घडवायचा. त्यांच्या शिष्यांकडे बघा, ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, बी. आर. देवधर. मैफलीही केल्या आणि विद्यालयं, विद्यापीठांतले विभागही उभे केले. शेवटी मास्तरकीच करायची ना, असं तोंड वाकडं करून बोलण्याची रीत त्यानंतर कधीतरी पडली, आणि ती पडल्यापासून आपण नुकसानच करून घेतोय.

आता शिकवणं म्हणजे नेमकं काय येणं हे एक उदाहरण घेऊन जरा जवळून बघू, नाहीतर हे सगळं हवेत राहील. नऊ-दहा वर्षांची मुलगी व्हायोलिन शिकायला आलीये, आणि शिकवतोय तो परफॉर्मन्सच्या थर्ड इयरचा मुलगा, हात अतिशय तयार. मुलीच्या डाव्या हाताचा अंगठा व्हायोलिनच्या मानेला करकचून दाबून बसलाय, त्यामुळे बोटं तारेवर पडायला उशीर होतोय आणि सूर लागत नाहीयेत. मुलगा सांगतो अंगठा सैल सोड. ती सोडते, चार सुरांनंतर अंगठा पुन्हा घट्ट. तो स्वतः वाजवून दाखवतो, असं बघ. ती बघते, मान डोलावते, अंगठा पुन्हा घट्ट. तिसऱ्यांदा त्याचा आवाज थोडा चढतो आणि मुलीचे खांदेही चढतात. ज्याला शिकवता येतं तो अंगठ्याकडे बघतच नाही, तो हनुवटी आणि खांद्याकडे बघतो. वाद्य तिथे नीट टेकलेलं नाहीये, तिला ते पडेल अशी भीती वाटतेय, म्हणून ती हातानं धरून ठेवतेय. वाद्याखालची, खांद्यावरची गादी थोडी जाड केली, वाद्य हात न लावता क्षणभर खांद्यावर राहतंय हे तिचं तिला कळू दिलं, की अंगठा आपोआप सुटतो, कोणी सांगावं लागत नाही. चूक दिसते एका जागी आणि तिचं कारण असतं दुसऱ्याच जागी. हे थर्ड इयरच्या मुलाला कळत नाही कारण त्याचा स्वतःचा अंगठा सातव्या वर्षी सुटला आणि कसा सुटला हे त्याला आठवतही नाही. जितका हात तयार तितकं सुरुवातीचं विसरायला होतं. म्हणूनच चांगल्या वादकाला हे मुद्दाम शिकावं लागतं, नुसतं चांगलं वाजवण्यातून ते येत नाही.

गाण्यातही हेच. पुरुष शिक्षक काळी एकमध्ये, म्हणजे आपल्या सोयीच्या पट्टीत, षड्ज लावतो, समोर सात वर्षांचं पोर, त्याचा आवाज मुळात वरच्या सप्तकात. ते पोर शिक्षकाच्या आवाजाची नक्कल करायला जातं आणि खाली कुठेतरी घुमत बसतं, सूर सापडत नाही. शिक्षक घरच्यांना सांगतो याला सुराचं अंग नाही. तोच सूर दुसऱ्या मुलाच्या किंवा बाईच्या आवाजात ऐकवला, पोराच्या सोयीच्या पट्टीत, तर त्यातली कितीतरी पोरं पटकन लावतात. अंग नाही म्हणून गाणं सोडलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत, आणि त्यातल्या किती जणांना फक्त चुकीच्या पट्टीत शिकवलं गेलं होतं हे आता कधीच कळणार नाही. मला हे फार लागतं, खरंच. एका वाक्यानं माणसाचं आयुष्यभराचं गाणं बंद होतं आणि ते वाक्य बोलणाऱ्याकडे संगीताची डिग्री असते.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा १९८५ चा अभ्यास इथे आठवतो. वेगवेगळ्या क्षेत्रांत तरुणपणीच फार पुढे गेलेल्या लोकांच्या मुलाखती त्यांच्या टीमने घेतल्या, त्यात मैफली करणारे पियानोवादकही होते. त्यांच्या पहिल्या शिक्षकांबद्दल काय निघालं, तर बऱ्याच जणांचे पहिले शिक्षक जवळपास राहणारे साधे शिक्षक होते, फार मोठे वादक नव्हेत, पण मुलांशी छान वागणारे, धड्याची वाट बघावीशी वाटेल असे. कडक, प्रत्येक सुरावर अडवणारा गुरू नंतर आला, आणि तो नंतर आला म्हणून उपयोगी पडला. यावर कोणी म्हणेल की बघा, म्हणजे पहिल्या शिक्षकाला फार वाजवता नाही आलं तरी चालतं. मी त्यातून वेगळं घेतो. पहिल्या टप्प्यावरचं शिकवणं, मधल्या टप्प्यावरचं आणि शेवटचं ही तीन वेगळी कामं आहेत आणि युनिव्हर्सिटीत फक्त शेवटचं काम करणारे लोक दिसतात. आपला विद्यार्थी बाहेर पडल्यावर मात्र पहिल्यापासून सुरुवात करतो, कारण त्याच्याकडे येणारी मुलं कोरी असतात, आणि त्याच्यासमोर नमुना असतो तो मास्टरक्लासचा, म्हणजे मोठ्या कलाकाराने तयार विद्यार्थ्यांना शिकवण्याचा. मग तो आठ वर्षांच्या मुलाला मास्टरक्लास देतो आणि वर्षभरात मुलं गळतात.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप वेळेचा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. अठरा ते बावीस ही वर्षं परत येत नाहीत, या वयात हात आणि गळा जेवढा मेहनत घेतो तेवढा पुढे घेत नाही, नोकरी-संसार मागे लागतात. शिकवण्याचे तास काढायचे म्हणजे कुठून तरी कापायचे. मान्य. पण रियाझातूनच कापायचे असं कुठे आहे, या कोर्सेसमध्ये घोकंपट्टीचे कितीतरी पेपर असतात, व्याख्या, चरित्रं, सनावळ्या, परीक्षा झाली की पुसून जाणाऱ्या. ते थोडे कमी करता येतील. आणि शिकवण्यात गेलेला वेळ वाजवण्याच्या खात्यातून वजाच होतो हेही मला पटत नाही. २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, त्यात काहींना सांगितलं हा मजकूर वाचा, नंतर टेस्ट आहे, आणि काहींना सांगितलं वाचा, नंतर हे दुसऱ्याला शिकवायचंय. प्रत्यक्षात कोणालाच शिकवायला लावलं नाही, सगळ्यांची टेस्टच घेतली, तर शिकवायचंय म्हणून वाचणाऱ्यांना जास्त आणि अधिक नीट लावून आठवलं. तो प्रयोग लेखी मजकुराचा होता, संगीताचा नाही, त्यामुळे त्याच्यावर फार भार टाकत नाही. पण वाजवणाऱ्या कोणालाही विचारा, एखादी तान, व्हायोलिनचा गज फिरवायची एखादी रीत, तबल्यातला एखादा कायदा दुसऱ्याला समजावून सांगायची वेळ आली की आपण नेमकं काय करतो हे पहिल्यांदा कळतं. कुठलं बोट आधी हलतं, श्वास कुठे घेतो, वजन कुठे टाकतो. ते कळलं की बिघडलेल्या दिवशी दुरुस्त करता येतं.

दुसरा आक्षेप जुन्या पद्धतीचा अभिमान असणाऱ्यांचा. शिकवण्याचं शास्त्र वगैरे कशाला, मोठमोठे कलाकार गुरूच्या सहवासात तयार झाले, कोणी बी.एड. केलं होतं का. यात एक गोष्ट हमखास निसटते. गुरूच्या घरी राहून शिकताना ज्येष्ठ शिष्य नव्या शिष्यांना तालीम द्यायचा. गुरू आतल्या खोलीत असायचा, कान इकडेच असायचा, काही चुकलं की आतून आवाज यायचा. म्हणजे शिकवण्याचा सराव, देखरेखीखाली, रोज, कित्येक वर्षं! याच्याहून चांगलं टीचर ट्रेनिंग कुठलं? युनिव्हर्सिटीने त्या पद्धतीतून राग घेतले, बंदिशी घेतल्या, गुरूला प्रोफेसर केलं, पण हा भाग मागेच राहिला कारण तो कुठल्या सिलॅबसमध्ये लिहिलेला नव्हता. तेव्हा परंपरेच्या नावाने या विषयाला विरोध करणाऱ्यांनी उलट तो सगळ्यात जोरात मागायला हवा.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. जिथे हा विषय आहे तिथे तो अनेकदा फार वाईट शिकवतात. शिक्षणाची व्याख्या लिहा, अमक्या विचारवंताचे पाच मुद्दे लिहा, अध्यापनाच्या पायऱ्या लिहा, आणि वर्षभरात समोर एक मूल बसवलेलं नसतं. तसलं सक्तीचं करायचं असेल तर नकोच. हवं ते असं, की प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षभरासाठी एक नवशिका द्यायचा, पूर्ण वर्ष तोच, म्हणजे आपण पहिल्या महिन्यात केलेली चूक आठव्या महिन्यात आपल्याच समोर येते. एक मूल आणि एक मोठं माणूस असेल तर आणखी चांगलं, कारण चाळिशीतला नवशिका आणि नऊ वर्षांचा नवशिका यांना एकच शब्द चालत नाहीत. धडे रेकॉर्ड करायचे आणि अनुभवी शिक्षकाबरोबर बसून बघायचे. त्या बघण्यात पहिला प्रश्न हा हवा की मुलानं वाजवलं तेव्हा तू काय ऐकलंस. मुलं बहुतेक वेळा आपण काय बोललो तेच सांगतात, ऐकलेलं सांगताच येत नाही, आणि तिथूनच खरं काम सुरू होतं. यासाठी संस्थेला आपल्याच आवारात लहान मुलांचे वर्ग चालवावे लागतील. अमेरिकेत बाल्टिमोरच्या पीबॉडीसारख्या संगीतसंस्थेत लहानांचा विभाग एकोणिसाव्या शतकापासून आहे, तेव्हा ही काही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. फिनलंडमध्ये शिक्षकाच्या पात्रतेसाठी ६० क्रेडिटचं शिक्षणशास्त्र करावं लागतं आणि त्यात प्रत्यक्ष शिकवणं असतंच. ऑस्ट्रियात वाद्य आणि गायन शिकवण्याची वेगळी डिग्री आहे, जड आणि गंभीर. वेगळ्या डिग्रीला माझा विरोध नाही, पण ती असली तरी परफॉर्मन्सवाल्यांची सुटका होऊ नये, नाहीतर पुन्हा तेच, वाजवणारे इकडे आणि शिकवणारे तिकडे. आणि प्रवेशाच्या ऑडिशनची पातळी दोन्हीकडे सारखीच ठेवा, इथे जमलं नाही तर तिकडे जा असं म्हणायला जागाच नको.

अजून एक गोष्ट आहे आणि ती बोलायला अवघड आहे. वाद्याचं किंवा गाण्याचं शिक्षण बंद दाराआड होतं, एक शिक्षक एक विद्यार्थी, वर्षानुवर्षं. त्यातून फार सुंदर नाती तयार होतात. त्यातूनच अपमान, धाक, रडवणं, आणि कधी त्याहून वाईटही होतं, आणि विद्यार्थी ते सहन करतो कारण त्याचं सगळं भविष्य त्या एका माणसाच्या हातात असतं. आणि आपण जसं शिकलो तसंच शिकवतो, दुसरं काही पाहिलेलंच नसतं. मला असं शिकवलं म्हणून मी घडलो, असं म्हणत तोच धाक पुढच्यांवर चालवला जातो. शिकवण्याचा अभ्यास हा या साखळीत पहिल्यांदा प्रश्न विचारायची जागा आहे, की बाबा रे, तू घडलास तो त्या ओरडण्यामुळे की ते ओरडणं असूनही? तुझ्याबरोबरचे जे सोडून गेले त्यांचं काय? शरीराचंही तसंच. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांमधल्या दोन हजारांहून जास्त वादकांना विचारलं होतं, त्यातल्या ७६ टक्क्यांनी सांगितलं की वाजवण्यावर परिणाम होईल असा किमान एक तरी शारीरिक त्रास आहे. हे व्यवसायातले उत्तम लोक. हात कसा धरायचा, कधी थांबायचं, दुखलं तर सांगायचं की दाबायचं, हे सगळं पहिल्या काही वर्षांत कोणीतरी शिकवलेलं किंवा न शिकवलेलं असतं.

राहिला प्रश्न युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्यांचा. त्यांना नेमताना बघतात काय, तर एक तर रिसर्च डिग्री नाहीतर कलाकार म्हणून असलेलं नाव. भारतात यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत कलाकारांना असिस्टंट प्रोफेसर होण्याची वेगळी वाट ठेवलीये, आकाशवाणी-दूरदर्शनची 'ए' ग्रेड वगैरे, आणि त्यात विषय समजावून सांगण्याची क्षमता हीसुद्धा एक अट आहे. अट उत्तमच आहे. फक्त समजावून सांगता येतं की नाही हे इंटरव्ह्यूच्या टेबलावर बसून ठरत नाही, त्यासाठी समोर शिकणारा लागतो. उमेदवाराला एक अनोळखी विद्यार्थी द्या, चाळीस मिनिटं द्या, पॅनेलनं कोपऱ्यात बसून बघावं. ऑर्केस्ट्रात नेमताना वाजवून घेतात तर शिक्षक नेमताना शिकवून का घेत नाहीत हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

आणि डिग्रीच्या शेवटच्या परीक्षेतही तेच करा. तासाभराचं रिसायटल, म्हणजे विद्यार्थ्याची एकट्याची मैफल, राहू दे, त्यात काही कमी नको, पण दुसऱ्या दिवशी त्याच परीक्षकांसमोर त्या विद्यार्थ्याने आपल्या वर्षभराच्या नवशिक्याला अर्धा तास शिकवावं, आणि ते मार्क रिसायटलच्याच मार्कशीटवर, शेजारच्या रकान्यात लागावेत, आणि तिथे नापास झाला तर डिग्री अडकावी.